गेटवरचं पुढचं नाव

इरण्णाचा फोन सहसा सकाळी येत नाही. रिटायर झाल्यापासून तो दुपारी जेवून, पान लावून, निवांत फोन करतो आणि सोलापूरच्या उन्हापासून सुरुवात करतो. त्या दिवशी मी चहा गाळत होतो तेव्हाच फोन वाजला. “सांगोला…” तो म्हणाला आणि थांबला. मला माझ्या तालुक्याच्या नावानं हाक मारणारी जगात दोनच माणसं उरली होती. हा एवढंच बोलून थांबला, त्यातच दुसरं माणूस गेल्याचं मला कळलं. “पहाटे गेली बे अक्का,” तो म्हणाला. “झोपेतच. काल रविवारचा वर्ग घेतला, पोरींवर ओरडली, जेवली, आणि झोपली…”

या गोष्टीला आता दीड महिना होईल. स्थानिक पेपरात चार ओळींची बातमी आली: निवृत्त शिक्षिका पद्मा येमूल यांचे निधन. शिक्षिका ती होतीच, आणि चांगली होती. पण त्याआधी, सत्तरच्या दशकात, सोलापुरातल्या एका कापडगिरणीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला काय करायचं ते लिहून देणारी माणसं होती, त्यांत ती पहिली. बातमीत ते नव्हतं. बातमी देणाऱ्याला ते माहीत असायचं काही कारणही नव्हतं. मला माहीत आहे, म्हणून मी लिहायला बसलो आहे.

बहात्तरचा दुष्काळ उलटून गेल्यावर मी गिरणीत लागलो. गणित घेऊन बीएस्सी झालो होतो आणि कॉम्प्युटर हा शब्द फक्त पेपरात वाचला होता. माझ्याबरोबर लागला तो इरण्णा, अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा. घरी कन्नड, बाहेर आमच्यासारखंच सोलापुरी. आम्हाला शिकवायला नेमलेली बाई आमच्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी होती, ठेंगणी, काळसर, ताठ. ती बोलायला लागली आणि आम्ही दोघं दचकलो. इतक्या मोठ्यानं बोलणारी बाई मी पाहिली नव्हती. पुढं कळलं की तिचं घर पूर्व भागात, साखर पेठेच्या अंगाला. वडील घरातल्याच शेडमध्ये मागावर चादरी विणत. रात्रंदिवस खडखडाटात वाढलेली ती पोर, तिला हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मुंबईला जाऊन मशीनच्या कंपनीकडून घेतलेलं शिक्षण इंग्रजीत, आणि आकडे मात्र तेलुगूतच मोजायचे. पहिल्या आठवड्यात आम्ही तिला ‘मॅडम’ म्हणालो. “मॅडम कोण? अक्का म्हणा,” ती म्हणाली, आणि अगं-तुगंवर येऊन ठेपलो ते कायमचे.

कॉम्प्युटरची खोली ही अख्ख्या गिरणीतली एकुलती एक थंड खोली. उन्हाळ्यात साहेबलोक काहीतरी काम काढून तिथं येऊन बसत. कपाटाएवढं यंत्र, शेजारी छिद्रं पाडलेली कार्डं वाचणारं दुसरं यंत्र, आणि तिसरं धडधडत कागद छापणारं. या सगळ्या थाटाची स्मरणशक्ती मात्र इतकी तोकडी, की आजच्या मोबाइलमधला एक फोटोही तिच्यात मावला नसता. आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याला लागणारी माहिती, दोन्ही त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं बसवायची. “घर लहान आहे,” अक्का सांगायची, “पाहुणे एकदम बोलावू नका.”

त्या काळी गिरणीत कायम कामगारांबरोबर ‘बदली’ कामगार असत. कायम माणूस गैरहजर राहिला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता बदली घ्यायचा. सकाळच्या पाळीआधी हे सगळे बदली गेटसमोर जमायचे. कोणत्या खात्यात किती माणसं कमी आहेत ते आत ठरायचं, मग कारकून नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं तो आत, बाकीचे घरी. नियम असा की नंबरानं काम मिळावं. आज जिथपर्यंत नंबर लागला, त्याच्या पुढच्यापासून उद्या. पूर्वी हे हातानं चाले. मशीन आलं, तसं मुंबईच्या कंपनीच्या माणसांनी त्याचा प्रोग्रॅम लिहून दिला आणि ते परत गेले. तो प्रोग्रॅम रोज सकाळी आम्ही चालवायचो. कागद छापून यायचा, तो टाइम-ऑफिसला, म्हणजे हजेरी ठेवणाऱ्या कचेरीला जायचा, संपलं आमचं काम. गेटवर काय होतं ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

अक्का मात्र मेन गेटनंच यायची. एका सकाळी तिला एका माणसानं थांबवलं. त्याचं नाव नागनाथ. बुद्धवाड्यातला, तिशीतला, अंगानं काटक, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्यानं विचारलेला प्रश्न अक्कानं आत आल्या आल्या आम्हाला त्याच्याच शब्दांत सांगितला. “बाई, मशीन आल्यापास्नं माजं नाव काय निघना. रोज येतो, रोज भाकरी घिऊन परत जातो. त्या मशीनीत माजं नाव हाय का न्हाय, एवढं बगून सांगा की.”

ती थेट टाइम-ऑफिसात गेली. मी तिच्या मागं होतो. तिथल्या हेडटाइमकीपरनं लपवालपवी केली नाही. बदली कामगारांची कार्डं नंबरवार लावलेली होती, प्रत्येक माणसाचं एक. मुंबईवाल्यांचा प्रोग्रॅम आधी सगळी नावं यंत्राच्या पोटात भरून घ्यायचा आणि मग वाटायला बसायचा. सगळी भरायला गेलं की यंत्र अडकायचं. म्हणून कार्डांचे शेवटचे दोन खोके टाइम-ऑफिसनंच काढून कपाटात ठेवून दिले होते. “मावत न्हाईत बाई ती,” तो म्हणाला.

“माणसं मावत नाहीत?” अक्का म्हणाली. तिचा आवाज पलीकडच्या खात्यापर्यंत गेला असणार.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती आमच्या ध्यानात परत येताना आली. प्रोग्रॅम रोज नव्यानं सुरू व्हायचा, तेव्हा रोज पहिल्या नावापासून सुरू व्हायचा. काल कुठं थांबलो हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे वरच्या नावांना रोज काम, मधल्यांना कधीमधी, आणि खोक्यातल्यांना कधीच नाही. वरची नावं हेडटाइमकीपरच्या मर्जीतली होती हे गिरणीत सगळ्यांना माहीत होतं, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं. त्यांना नंबर ही गोष्टच कुणी सांगितली नव्हती…

इरण्णा म्हणाला, “अक्का, मेमरी वाढवून मागू या.” ती म्हणाली, “मेमरी कशाला? सगळी नावं एकदम हातात कशाला पाहिजेत? खातं एक माणूस मागतं. आपण एक नाव द्यायचं. परत मागितलं, परत एक द्यायचं. दोन नावांच्या मध्ये गप्प झोपायचं, पण कुठं आहोत ते विसरायचं नाही.” आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा आम्हाला ते समजेना. आम्ही शिकलो होतो ते असं, की प्रोग्रॅमचा एखादा तुकडा वेगळा लिहिला आणि त्याला हाक मारली, की तो आपला पहिल्या ओळीपासून सुरू होणार, शेवटापर्यंत जाणार आणि सगळं विसरून मोकळा होणार. अर्ध्यात थांबलेला आणि पुढच्या हाकेला तिथूनच उठणारा तुकडा आमच्या डोक्यात बसेना. अक्कानं फळ्यावर बाण काढून पाहिले. मग चिडली. तिला चिडायला वेळ लागत नसे. खडू टाकून म्हणाली, “रविवारी घरी या जेवायला.”

तिच्या घरी आम्ही पहिल्यांदाच जात होतो. शेडमध्ये माग चालू होता, वडील हात वर करून हसले आणि पुन्हा कामाला लागले. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. चुलीपुढं तिची आई ज्वारीच्या भाकरी थापत होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं, पण ताटाकडं नजर पक्की. इरण्णाच्या ताटातली भाकरी संपत आली की ती पिठाचा गोळा उचलायची. वांग्याचं कालवण, शेंगाची चटणी. इरण्णाची तिसरी भाकरी संपली तेव्हा अक्का म्हणाली, “काय रे मैंदर्गी, तू किती खाणार हे माझ्या आईनं तुला आधी विचारलं का?”

“न्हाई.”

“मग ती करते कशी?”

“मी खाईन तशी करते की.”

“आणि तू डब्यात आणतोस ती कडक भाकरी?”

इरण्णाच्या डब्यात पापडासारख्या वाळवलेल्या कडक भाकरीची चळत असायची, हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. गावाकडून त्याची आई महिन्याची एकदम करून पाठवी. “ती आधी सगळी करून ठेवलेली,” अक्का म्हणाली. “तिला डबा लागतो. डबा लहान असेल तर शेवटच्या भाकरी बाहेर राहतात. तुमचा मुंबईवाल्यांचा प्रोग्रॅम म्हणजे ती चळत. माझी आई बघ. तिच्याकडं तयार भाकरी एकही नाही. पीठ आहे, तवा आहे, आणि आपण कुठवर आलो ते डोक्यात आहे. तू मागितलीस की एक करते. तू बास म्हणालास की थांबते. मधे पाणी आणायला उठली तरी परत येऊन पहिल्यापासून पीठ मळायला बसत नाही.”

इरण्णानं घास हातातच धरून ठेवला होता. “मग कडक भाकरी वाईट होय?”

“वाईट कशी? तुला मागची भाकरी परत बघायची असेल, मोजायची असेल, तर चळतच पाहिजे. हिची गेली ती गेली. ताटातून पोटात. परत मागायची सोय नाही. कुठं काय पाहिजे ते बघून ठरवायचं.” आईनं तेलुगूत काहीतरी विचारलं. अक्का हसली. “विचारते, हे जेवायला आलेत का परीक्षा द्यायला?… आणि हे एक लक्षात ठेवा. पीठ संपलं की तिनं ‘संपलं’ म्हणून सांगायचं. नुसतं गप्प राहिली तर मैंदर्गी ताट पुढं धरून बसेल, आणि काहीतरीच वाढलं तर तो तेही खाईल.”

जेवणानंतर तिथंच, तिच्या वडिलांच्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकून, आम्ही तो तुकडा लिहिला. आम्ही प्रोग्रॅम लिहायचो त्या भाषेत अशी सोय मुळीच नव्हती. अक्कानं ती हातानं केली. तुकडा एक नाव देऊन बाहेर पडला की आपण कुठून बाहेर पडलो त्याचा पत्ता एका जागी लिहून ठेवी, आणि पुढच्या हाकेला पहिल्या ओळीकडं न जाता त्या पत्त्यावर जाई. कार्ड वाचायचं तेही एकच, लागेल तेव्हा. दिवसाचं काम संपलं की यंत्र एक कार्ड छिद्रं पाडून बाहेर टाकी: आज इथं थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्ड सगळ्यात आधी घालायचं. कपाटातले दोन खोके बाहेर आले. बदली कितीही असोत, यंत्राच्या पोटात एका वेळी एकच नाव.

मॅनेजरसाहेबांनी आधी सूतखात्यापुरती परवानगी दिली. ते छान चाललं. यंत्र अडकेना, कागद पाळीच्या बऱ्याच आधी हातात येऊ लागला. रोज नंबर पुढं सरकत होता आणि कपाटातल्या खोक्यांकडं येत होता. साहेब खूश झाले आणि म्हणाले, साळखातंही घ्या, म्हणजे विणकामाचं खातं, आणि सोमवारपासून घ्या. अक्का म्हणाली, घेऊ. सूतखात्याच्या प्रोग्रॅमची तिनं एक नक्कल काढली, थांबल्याच्या कार्डाचीही नक्कल काढली, आणि सोमवारी सकाळी आम्ही एकामागून एक दोन्ही चालवले.

त्या सोमवारी पहिल्यांदा नागनाथचं नाव निघालं. अक्का मुद्दाम गेटवर जाऊन उभी राहिली होती. तो आत जाताना तिच्याकडं बघून हसला, फडकं उंच धरून दाखवलं. ती परत आली तेव्हा इतकी आनंदात होती की तिनं आम्हाला स्वतःच्या पैशानं चहा पाजला, आणि ती चहा कधी पाजत नसे.

दुपारी निरोप आला. साळखात्यात माग बंद पडलेत, माणसंच नाहीत. पुकारलेले बदली हजर झाले नाहीत. आणि नियम असा की पुकारूनही जो येत नाही, त्याचं नाव कापायचं. हेडटाइमकीपरनं ती नावं कापायला काढलीसुद्धा होती. अक्कानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. दोन्ही कागदांवर तीच माणसं होती. त्याच क्रमानं. वर नागनाथ.

मी तिच्याबरोबर साहेबांच्या खोलीत गेलो. हेडटाइमकीपर आधीच तिथं उभा होता.

“आवाज दिला, माणूस आला न्हाई साहेब,” तो म्हणाला. “नियमानं नाव जातं.”

“माणूस आला होता,” अक्का म्हणाली. “सूतखात्यात उभा राहून काम करतोय आत्ता. आम्ही त्याला दोन ठिकाणी बोलावलं. एक माणूस दोन खात्यांत कसा उभा राहील?”

साहेबांनी विचारलं, “म्हणजे मशीन चुकलं?”

“मशीन नाही चुकलं साहेब. मी चुकले. प्रोग्रॅम माझा आहे. नाव कापायचं असेल तर माझं कापा.”

साहेब खुर्चीत मागं टेकले. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. “मिस येमूल,” ते म्हणाले, “तुम्ही पर्मनंट आहात. तुमचं नाव कापायला मला मुंबईला चार कागद पाठवावे लागतील. त्यांचं कापायला एकही लागत नाही.”

“म्हणून तर आले,” अक्का म्हणाली.

मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली. पुण्यात, नंतर परदेशात. आपली चूक कबूल करणारीही पाहिली. पण बहुतेक जण चूक उघडी पडल्यावर कबूल करतात. अक्काची चूक कुणाला दिसलीच नसती. तिथं उभ्या असलेल्यांपैकी कुणालाच प्रोग्रॅम वाचता येत नव्हता, आणि मशीनवर ढकलून ती मोकळी होऊ शकली असती. मशीनला कोण विचारणार होतं? हेडटाइमकीपरला तर तेच हवं होतं. कॉम्प्युटर नको, जुनं बरं होतं, असं त्याचं म्हणणं… साहेबांनी नावं कापू दिली नाहीत. पण बजावलं, पुन्हा असं झालं तर हे काम परत हातानं होईल आणि तुमचा विभाग मुंबईला जाईल.

खोलीतून बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, “अरे, दोन ताटं होती. मी दोन चुली मांडल्या. दोघींकडं तेच पीठ, दोघी एकाच ठिकाणापासून. चूल एकच पाहिजे होती.” त्याच दुपारी आम्ही नावं देणारा तुकडा एकच ठेवला. सूतखातं मागो की साळखातं मागो, दोघांनी त्याच एकाकडं मागायचं. एकाला दिलेलं नाव दुसऱ्याला मिळणं शक्यच नव्हतं. तसं पाहिलं तर दुरुस्ती चार ओळींची. पण ती केल्यावर अक्कानं आम्हा दोघांना वेगवेगळं बसवलं, कागदावर खोटी नावं घेऊन दोन्ही खात्यांच्या नावानं आलटून पालटून मागायला लावलं, मध्येच नावं संपवून पाहिली, एका खात्याला काहीच नको असं करून पाहिलं. संध्याकाळचा भोंगा झाला तरी आम्हाला सोडलं नाही. “आधी करायला पाहिजे होतं हे,” ती स्वतःशीच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गेटवर गेली. जमलेल्या बदलींसमोर एका दगडावर उभी राहिली, आणि तिच्या त्या मागाच्या आवाजात सांगितलं, की कालची चूक माझी होती, तुमची नव्हती, कुणाचंही नाव गेलेलं नाही. कंपनीच्या आवारात, कामगारांसमोर, स्टाफमधल्या बाईनं असं बोलायची पद्धत नव्हती. त्याबद्दल तिला नंतर बोलणी बसली. नागनाथ पुढं आला. “चुकलं तर चुकलं की बाई,” तो म्हणाला. “पन नाव निगालं. आता मशीनीत हाय म्हनायचं मी.”

त्यानंतर तिला एक गोष्ट सुचली, ती मला तिच्या सगळ्या हुशारीपेक्षा मोठी वाटते. नंबर कुठं थांबला ते आपल्याला रोज दुपारीच कळतं. मग ते गेटवर का लावू नये? दुसऱ्या दिवशी ज्यांचा नंबर लागायचा संभव आहे अशी पुढची नावं छापून ती गेटच्या फळ्यावर लावू लागली. वर एकच ओळ: उद्या इथून. ज्यांचा नंबर लांब आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चालत यायचं कारणच राहिलं नाही. कुणी बांधकामावर जाऊ लागलं, कुणी मार्केट यार्डात. नागनाथ त्या मधल्या दिवसांत गवंडीकाम शिकला. गेटवरची गर्दी निम्म्यावर आली, आणि हेडटाइमकीपरच्या टेबलाशी घुटमळणारी गर्दी त्याहून कमी.

मुंबईच्या हेड-ऑफिसची शाबासकी आली, ती विभागाच्या नावानं. विभागप्रमुखाची जागा निघाली तेव्हा मुंबईहून एक तरुण साहेब नेमून आला. त्याला कार्डं सरळ लावता येत नव्हती. इरण्णा आणि मी इतके संतापलो की राजीनाम्याची भाषा करू लागलो. अक्का त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली होती आणि त्याला पहिल्यापासून शिकवत होती. मी नंतर भांडलो तिच्याशी. ती म्हणाली, “अरे सांगोला, त्याला येत नाही. चुकला तर गेटवरच्यांचं नुकसान. मग शिकवायला नको?” तिला वाईट वाटलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात ती आमच्याशी हळू आवाजात बोलली. आम्हाला ते जास्त लागलं.

दशक संपत आलं तशी गिरणीची अवस्था नरम झाली. मी पुण्याला गेलो. इरण्णा बँकेत लागला. अक्कानं मुलींच्या शाळेत गणित शिकवायला घेतलं आणि निवृत्तीपर्यंत तेच केलं. लग्न तिनं केलं नाही, विचारलं की म्हणायची, “ऐकू कुणाला जाणार माझं?” आणि स्वतःच मोठ्यानं हसायची.

बऱ्याच वर्षांनी, मी चांगलं जुनं खोड झालो होतो तेव्हा, ऑफिसात एक तरुण मुलगी नव्या भाषेतली एक सोय आम्हाला समजावून देत होती. जनरेटर फंक्शन. एक मूल्य द्यायचं, तिथंच थांबायचं, पुढचं मागितलं की तिथूनच सुरू व्हायचं. सगळी यादी मेमरीत भरायची गरज नाही. ती बोलत होती आणि मला चुलीतल्या जळणाचा वास येत होता. समोरची पोरं गोंधळलेली दिसली म्हणून मी उठलो आणि भाकरीची गोष्ट सांगितली. सगळ्यांना समजली. संध्याकाळी अक्काला फोन केला. म्हटलं, “अक्का, आता भाषेतच आलंय ते. एक शब्द लिहिला की झालं.”

“परतीचा पत्ता हातानं ठेवावा लागत नाही?”

“नाही.”

“बरं झालं. पोरांचा वेळ वाचला.” मला वाटलं होतं ती हळहळेल, आपण आधी केलं होतं म्हणेल. ती एवढंच म्हणाली. मग विचारलं, “आणि दोघांनी मागितलं तर?”

मी हसलो. “ते अजून आपल्यालाच बघावं लागतं.”

“मग शिकवायला पाहिजे,” ती म्हणाली. त्यानंतर काही महिन्यांत तिनं भाच्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेतला, नवी भाषा शिकून घेतली, आणि घराच्या पुढच्या खोलीत रविवारी पेठेतल्या मुलींचा वर्ग सुरू केला. वडिलांची शेड तिथंच होती. माग गेला होता. फी नव्हती. अट एकच, की समजलं नाही तर मोठ्यानं सांगायचं.

गेल्या महिन्यात मी आणि इरण्णा त्या घरी गेलो. तिची भाची सुजाता घरात होती. पुढची खोली तिनं तशीच ठेवली होती: सतरंज्या, खिडकीशी दोन मशीन, आणि भिंतीवर फळा. तो फळा मी पूर्वी नीट पाहिला नव्हता. उभ्या माणसाच्या कमरेच्याही खाली लावलेला. गुडघ्यांनी उभं राहू दिलं नाही तेव्हापासून अक्का मुलींबरोबर सतरंजीवरच बसून शिकवायची, म्हणून तो तिनं खाली उतरवून घेतला होता. त्यावर शेवटच्या रविवारचं तिचं अक्षर होतं, मोठं, तिच्या आवाजासारखं. सुजाता म्हणाली, मुली विचारतात, वर्ग बंद का? त्यांना काय सांगू?

इरण्णा चप्पल दाराशी काढून आत आला, फळ्यापाशी गेला. खुर्ची द्यायला सुजाता पुढं झाली. त्यानं हातानंच नको म्हटलं आणि कण्हत, भिंतीला धरून, सतरंजीवर बसला. सत्तरी उलटलेला माणूस, त्याला मांडी घालायला वेळ लागला. खडू उचलून त्यानं हात पुढं केला, तो बरोबर फळ्याच्या मध्यावर आला.

“काका, फळा वर लावून घेऊ या का? तुम्हाला उभ्यानं सोपं पडेल,” सुजाता म्हणाली.

“असू दे,” इरण्णा म्हणाला. “रविवारी येऊ दे पोरींना.”